भाव, घडणावळ आणि तिसरा प्रश्न

धनत्रयोदशीच्या आसपास देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये किंवा मीना बाजारात पाऊल टाकलंत की मराठी कानावर पडतंच. "आज भाव काय चाललाय?" आणि त्याच्या पाठोपाठ, "घडणावळ किती लावणार?" हे दोन प्रश्न आपण आईचा पदर धरून दुकानात जाता जाता शिकलो. ते विचारायलाच हवेत, त्यात काही गैर नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्या जोडीला आपण एक तिसरा प्रश्न विचारायला लागावं: हे सोनं निघालं कुठल्या जमिनीतून?

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या अंकात हे काय काढलं? चकलीच्या पाककृतीशेजारी खाणीची गोष्ट! पण मंडळी, वर्षातून एकदा सगळे मिळून सोनं घेतो तो हाच आठवडा. मग बोलायचं कधी?

माझं शिक्षण पुण्यात भूशास्त्राचं झालं आणि पोटापाण्याची सोय अबू धाबीच्या तेलाने केली. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी मला कोपऱ्यात घेऊन विचारतं, "सोनं आत्ता घेऊ, का थांबू?" भावातलं मला काही कळत नाही. दगडातलं थोडंफार कळतं. तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, आपण राहतो त्या देशाच्या पोटात सांगण्यासारखं सोनं नाही. हत्ताला सहलीला जाताना जे काळपट, करवतीसारखे डोंगर दिसतात, तो जुन्या समुद्राचा तळ आहे. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक पुढे जमिनीवर रेटला गेला. त्यात तांबं आहे. शारजाच्या वादी अल-हिलोमध्ये कांस्ययुगात तांबं गाळत होते. पण सोनं बाहेरूनच यायचं. दुबईच्या दक्षिणेला वाळूत सारूक अल-हदीद नावाची जागा २००२ साली सापडली. लोहयुगातल्या त्या कारागिरांच्या वस्तूंमध्ये सोन्याचे दागिनेही निघाले. त्यातल्याच एका अंगठीवरून एक्स्पो २०२० चं बोधचिन्ह तयार झालं, जे आपण दोन वर्षं प्रत्येक टॅक्सीवर आणि मेट्रोच्या डब्यावर बघितलं. म्हणजे जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीही इथे सोनं घडत होतं, निघत नव्हतं. आजही तसंच आहे. दुबई ही सोन्याची पेठ आहे, खाण नव्हे. आणि पेठेत उभ्या असलेल्या माणसाला माल कुठून आला हे विचारता येतं. गावाकडे आपण आंबा घेताना देवगडचा का रत्नागिरीचा हे विचारतोच की.

मग सोनं निघतं कुठे? आपल्याला सगळ्यात जवळचं उत्तर कर्नाटकात आहे. पुणे-बंगळूर महामार्गाने तुमच्यापैकी कित्येकजण गेले असतील. धारवाड मागे पडलं, चित्रदुर्गकडे निघालात, की ज्या प्रदेशातून गाडी जाते तिथले खडक पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी आहेत. त्यांना 'धारवाड' हेच नाव आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने ते एकोणिसाव्या शतकात दिलं आणि जगभरच्या पुस्तकांत गेलं. आपल्याला धारवाड म्हटलं की पेढा आणि गाणं आठवतं. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला अडीच-तीनशे कोटी वर्षांपूर्वीचे हिरवट दगड आठवतात. गाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, भीमसेन जोशी ज्या गदगचे, ते गदगही अशाच पट्ट्यावर आहे. शेजारच्या कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत माती धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं पिढ्यान् पिढ्या होती.

हे हिरवट दगड म्हणजे मूळचा लाव्हा. समुद्राच्या तळाशी बाहेर पडलेला, पाण्यात गार होऊन उशीसारखे गोळे झालेला. चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला अशा उशा आजही रचून ठेवल्यासारख्या दिसतात. सरकारने ते राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक केलं आहे. पुढे तो लाव्हा जमिनीत खोल दबला, तापला, आणि त्यात हिरव्या रंगाची खनिजं तयार झाली. म्हणून याला ग्रीनस्टोन पट्टा म्हणतात. भोवती ग्रॅनाइटचा अफाट पसारा आणि मधे हे चिंचोळे हिरवे पट्टे, साडीच्या काठासारखे. सोनं राहतं ते या काठात.

महाराष्ट्रात असं का नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्या बहुतेक राज्यावर फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची गोधडी पडली आहे, सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधनं घेतली तेव्हा हजार मीटरच्या आसपास हा कातळ संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. त्या गोधडीखाली काय काय निजलंय ते तिलाच ठाऊक. गोव्यात ती गोधडी नाही, तिथले खडक धारवाडच्याच कुळातले, पण त्यांच्या वाट्याला लोखंड आलं.

आता सोनं दगडात शिरतं कसं ते सांगतो. यातच माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ आहे. जमिनीत काही किलोमीटर खोल, तीनशे-चारशे अंश तापलेलं पाणी खडकाच्या भेगांतून वर सरकत असतं. त्यात गंधक असतो, आणि गंधकाचा हात धरून सोनं पाण्यात विरघळून प्रवास करतं. भूकंप झाला की भेग उघडते, दाब एकदम उतरतो. पाण्यातली सिलिका भेगेत गोठते, तिचीच गारगोटी होते. हिरव्या दगडात लोखंड भरपूर. ते गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं, त्याचं सोनेरी दिसणारं पायराइट होतं, आणि सोनं एकटं पडतं. एकटं पडलं की तिथेच बसतं. पुन्हा भूकंप, पुन्हा भेग, पुन्हा पाणी. असं शेकडो-हजारो वेळा. गारगोटीची एकेक शीर म्हणजे अशा भूकंपांची वहीच.

यात एक गंमत अलीकडेच कळली. भिंतीवरच्या घड्याळात क्वार्ट्झ असतो तो दाबला की त्यात थोडी वीज तयार होते, हे जुनंच ज्ञान. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की भूकंपाच्या हिसक्याने गारगोटीत तयार होणाऱ्या विजेमुळे सोनं पाण्यातून बाहेर पडून आधीच्या कणांवर साचू शकतं. म्हणजे सुवर्णकाराची इलेक्ट्रोप्लेटिंगची बाटली निसर्गाने आधीच लावून ठेवली होती म्हणायची.

पण एवढा खटाटोप करूनही हाती काय लागतं? एका टन दगडात काही ग्रॅम. चांगल्या खाणीतसुद्धा तीन-चार ग्रॅम म्हणजे बरं म्हणायचं. आपला तोळा जुन्या हिशेबाने ११.६६ ग्रॅमचा. तीन ग्रॅमचा दगड धरला तर एका तोळ्यासाठी चार टन दगड फोडायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात घोळवायचा, आणि उरलेलं पीठ कुठेतरी टाकायचं. तुमच्या मुलीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांमागे वीस टन, म्हणजे दोन ट्रक भरतील इतकं पीठ कुणाच्या तरी गावाशेजारी पडलेलं आहे. सोन्याचा भाव आपण देतो, त्या पिठाचा भाव दुसरंच कुणीतरी देतं.

विद्यार्थी असताना आम्ही सहलीने हट्टीला गेलो होतो. हट्टी रायचूर जिल्ह्यात. देशात आज नाव घेण्याजोगी चालू असलेली सोन्याची खाण ती हीच. मराठवाड्याच्या वाचकांना सांगायला हवं, १९५६ पर्यंत रायचूर आणि तुमचं औरंगाबाद, बीड, नांदेड हे एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे एका अर्थी ही आपल्या जुन्या घरातली खाण. पिंजऱ्यात उभं करून आम्हाला खाली सोडलं. डोक्याला दिवा, कानात छिद्र पाडणाऱ्या यंत्राचा आवाज, आणि अंगाला चिकटणारी ओल. खाणीतल्या साहेबांनी भिंतीवर प्रकाश टाकला. काळपट हिरव्या दगडात हातभर रुंद पांढरी शीर, मधे मधे राखाडी रेघा. आमच्यातली एक मुलगी न राहवून म्हणाली, "सर, पण सोनं कुठंय?" साहेब हसले. म्हणाले, "त्याच्यासमोरच उभी आहेस. दिसत नाही. मला पण वर्षातून एकदोनदाच दिसतं."

त्या पट्ट्याला हट्टी-मस्की म्हणतात. यातलं मस्की तुम्ही शाळेत वाचलं आहे. अशोकाचं नाव स्पष्टपणे लिहिलेला शिलालेख प्रथम सापडला तो मस्कीला, १९१५ साली, आणि तो सापडला बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनियरला! पाटलिपुत्राच्या राजाने इतक्या लांब, या माळावर शिलालेख का कोरावा? काही अभ्यासकांना वाटतं की कारण याच दगडात आहे. हट्टीला दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या जुन्या खाणी शेकडो फूट खोल गेलेल्या आहेत. दगडाला आग लावून तापवायचं, वर पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. सुरुंग नाही, पंप नाही. त्या अंधारात किती माणसं धुराने गुदमरली असतील याची नोंद कुठल्या शिलालेखात नाही.

कोलारचं नाव तर आता चित्रपटामुळे सगळ्यांना माहीत झालं. चित्रपट बाजूला ठेवा, खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. १८८० पासून जॉन टेलर आणि कंपनीने तिथे खाण चालवली. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज जवळजवळ दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारला आली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर. आधी सोनं, मग माणसं, असा तो क्रम. चॅम्पियन रीफ नावाची गारगोटीची शीर धरून माणसं खाली खाली गेली, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. त्या खोलीवर दगडाचं तापमान साठ अंशांच्या वर. ऑगस्टमध्ये पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालताना आपण काय बोलतो ते आठवा. वरून दगडाचा दाब एवढा, की भिंत मधेच बंदुकीच्या गोळीसारखी फुटायची. काम करणारे बहुतेक तमिळ बोलणारे, त्यातले पुष्कळ दलित, दुष्काळी भागातून आलेले. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. कोलारच्या कित्येक घरांत सोन्याचा तुकडा कधी आला नाही, ही धूळ मात्र आली.

त्या खोल विहिरीचा एक चांगला उपयोग मुंबईच्या लोकांनी केला तोही सांगून टाकतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे उपकरणं मांडून १९६५ साली वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग काढला. जगात असं पहिल्यांदा ज्यांनी केलं त्यांत ते होते. एरवी कोलारमधून निघालं ते वरच्या वर गेलं.

२००१ च्या फेब्रुवारीअखेर कोलार बंद झालं. सव्वाशे वर्षांच्या आसपास, तीन पिढ्यांनी, आठशे टनांहून थोडं जास्त सोनं काढलं. आता दुसरा आकडा ऐका. एकट्या २०२४ या वर्षात भारतात दागिने, नाणी आणि बिस्किटं मिळून सुमारे आठशे टन सोनं विकलं गेलं. म्हणजे कोलारचा जन्म ते मृत्यू, हा अख्खा हिशेब आपण एका वर्षात गळ्यात घालतो. भारताच्या खाणींतून आज वर्षाला निघतं दीड-दोन टन. बाकीचं सगळं बाहेरून. आणि त्या बाहेरच्या वाटेवरचं मोठं नाकं म्हणजे आपण राहतो ते गाव.

हे नाकं आजचं नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९६६ पर्यंत इथे चलन म्हणून आपला रुपया चालायचा. त्यातही १९५९ साली रिझर्व्ह बँकेला खास आखाती रुपया छापावा लागला, कारण इथून सोनं जायचं आणि त्याच्या बदल्यात रुपये इकडे यायचे. मग मोरारजीभाईंनी १९६३ साली सुवर्णनियंत्रण आणलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही म्हणाले. सोनारांच्या भट्ट्या विझल्या, कित्येक कुटुंबं देशोधडीला लागली, आणि दहा तोळ्यांची बिस्किटं खाडीतून गलबतांवर बसून कोकणच्या किनाऱ्यावर उतरत राहिली. १९९० साली तो कायदा गेला. २०२२ च्या मे महिन्यापासून भारत आणि अमिराती यांच्यात व्यापार करार लागू आहे, त्यात सोन्यासाठी सवलतीचा कोटाही आहे. रस्ता तोच, फक्त आता उजेडातला. आपण विमानतळावर मनातल्या मनात ग्रॅम मोजत उभे असतो ते या इतिहासाचं शेपूट.

पण दुबईत सोनं येतं त्याचा मोठा वाटा आफ्रिकेतून येतो, आणि तिसरा प्रश्न खरा लागू पडतो तो तिथे. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे पट्टे, झिम्बाब्वेचे पट्टे, हे वयाने कोलारचे चुलतभाऊ. घाना, माली, बुर्किना फासोचे थोडे धाकटे. गोष्ट मात्र तीच: हिरवा दगड, गारगोटीची शीर, टनात काही ग्रॅम. फरक एवढाच, की तिथे मोठ्या कंपन्यांच्या खाणींशेजारी लाखो माणसं कुदळ आणि दोरी घेऊन स्वतः खड्ड्यात उतरतात. जगभरात अशी एक ते दोन कोटी माणसं आहेत आणि नव्या सोन्यातला साधारण पाचवा हिस्सा ती काढतात. दगड कुटतात, त्यात पारा मिसळतात, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तव्यावर तापवतात. पारा उडून जातो, सोनं उरतं. उडून जातो तो कुठे? शेजारी बसलेल्या बाईच्या आणि तिच्या पाठीवरच्या बाळाच्या छातीत. माणसांच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा उगम आज कोळसा नव्हे, हे छोटे खड्डे आहेत.

२०१० साली उत्तर नायजेरियाच्या झम्फारा राज्यात काय झालं, ते मी मुद्दाम लिहितो आहे. तिथल्या गारगोटीच्या शिरांत सोन्याबरोबर शिसंही होतं. लोकांनी तो दगड गावात आणला, घराच्या अंगणात कुटला, आणि धान्य दळायच्या चक्क्यांवर दळला. शिशाचं पीठ अंगणात, भांड्यांत, पोरांच्या हाताला लागलं. काही महिन्यांत चारशेहून अधिक लहान मुलं दगावली. परदेशी डॉक्टरांच्या एका पथकाच्या लक्षात आलं तोवर काही गावांत पाच वर्षांखालची मुलं फारशी उरली नव्हती. ते सोनं काही वाया गेलं नसणार. कोणीतरी विकत घेतलं, कुठेतरी वितळवलं, आणि ते आता कुठल्या तरी गळ्यात आहे. कुणाच्या, ते सांगता येत नाही.

सांगता येत नाही, हीच अडचण आहे, आणि हाच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेपही. सोनं वितळलं की त्याला आठवण राहत नाही. कोलारचं, घानाचं, आजीच्या मोडीतलं, सगळं एका मुशीत. हॉलमार्क सांगतो तो कस, जन्मगाव नाही. मग दुकानातल्या माणसाला विचारून उपयोग काय? तो बिचारा केरळचा नाहीतर गुजरातचा, पगारावर काम करणारा. त्याला काय ठाऊक?

बरोबर आहे. पण त्याला ठाऊक नसलं तरी त्याच्या मालकाला विचारता येतं, मालकाला शुद्धीकरण कारखान्याला विचारता येतं, आणि कारखान्याला आता उत्तर द्यावंच लागतं. अमिरातीच्या सरकारने २०२३ पासून सोनं शुद्ध करणाऱ्यांना माल जबाबदारीने घेतल्याचा तपास आणि त्याचं स्वतंत्र लेखापरीक्षण सक्तीचं केलं. काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मार्च २०२२ मध्ये देशाला नजरेखालच्या यादीत टाकलं होतं, त्यातून तो फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आला, त्या काळात केलेल्या सुधारणांतलीच ही एक. लंडनच्या सराफ संघटनेचे असेच नियम २०१२ पासून आहेत. कायदा झाला हे चांगलंच. पण कायदा कागदावरून दुकानात यायचा तर गिऱ्हाईकाने तोंड उघडावं लागतं. पुण्याच्या मंडईत भाजीवालीने ताजी भाजी वर ठेवायला सुरुवात केली ती महापालिकेच्या परिपत्रकाने नव्हे, आपल्या आज्यांनी जुडी उलटी करून बघितली म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असं विचारत बसलो तर आफ्रिकेतल्या त्या गरीब माणसाचंच सोनं कोणी घेणार नाही, त्याच्या चुलीचं काय? हे मला मान्य आहे. म्हणून मी "आफ्रिकेचं सोनं घेऊ नका" असं म्हणत नाही आणि कोणी म्हणत असेल तर त्याला विरोध करीन. पाऱ्याशिवाय सोनं काढायच्या पद्धती आहेत, नोंदणी केलेल्या सहकारी संस्था आहेत, त्यांच्याकडून घेणाऱ्याला थोडा जास्त भाव द्यावा लागतो. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक असेल तर व्यापारी तो भाव देईल. नसेल तर जो सगळ्यात स्वस्त देतो त्याचंच घेईल, मग तो दगड कुठल्या अंगणात कुटला गेला हे त्याच्याही लेखी नाही.

आणि तिसरा आक्षेप आमच्या घरातला. बायको म्हणाली, "सणासुदीला दुकानात उभं राहून हे विचारायचं? लक्ष्मीच्या दिवशी?" मी म्हटलं, लक्ष्मीच्याच दिवशी. घरात येणाऱ्या पाहुण्याला आपण कुठून आलात हे विचारतो, त्यात अपमान नसतो.

आता एक उपाय असा आहे की ज्याला खाणच लागत नाही. आजवर माणसाने काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे. एकत्र वितळवलं तर बावीस मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यात मावेल, म्हणजे सातमजली इमारतीएवढं. त्यातलं वीस-पंचवीस हजार टन भारतातल्या घरांत आहे असा अंदाज आहे. आपल्याकडे सराफकट्ट्यावर झारेकरी पहाटे दुकानांसमोरची धूळ झाडून नेतात, धुतात आणि त्यातून कणभर सोनं काढून पोट भरतात. त्या धुळीची किंमत त्यांना कळते. आपल्या लॉकरमध्ये मात्र मोडकं डूल, एकटी राहिलेली बुगडी, पेच गेलेली नथ, काळी पडलेली मोहनमाळ वर्षानुवर्षं पडून असते. ती मोडीत घालून नवं घडवा. घट जाईल, घडणावळ परत द्यावी लागेल, हिशेबात थोडं नुकसान होईल. पण त्या चार टन दगडाचं पीठ पुन्हा नव्याने कुठे पडणार नाही. कोलारला अशा पिठाचे डोंगर आहेत, तीन कोटी टनांहून अधिक, पावसाळ्यात ओघळणारे आणि उन्हाळ्यात गावभर उडणारे. त्यात उरलेलं सोनं काढायला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये हिरवा कंदील दाखवला. खाण बंद झाल्यावर जवळजवळ पाव शतकाने.

आजीचा दागिना मोडायला जीव होत नाही, हे मला कळतं. मोडू नका. घाला. तिची ठुशी या वर्षी लक्ष्मीपूजनाला तुमच्या मुलीच्या गळ्यात असली तर धनत्रयोदशीची खरेदी झालीच असं समजा.

बिस्कीट किंवा नाणं घेणार असाल तर काम सोपं आहे. त्यावर कारखान्याचा शिक्का असतो, बिस्किटावर बहुधा क्रमांकही. कारखान्याचं नाव वाचा आणि मान्यताप्राप्त कारखान्यांच्या यादीत ते आहे का हे फोनवर तिथल्या तिथे बघा, दोन मिनिटांचं काम आहे. दागिना घेणार असाल तर दुकानदाराला नुसतं विचारा, "तुमचं सोनं कुठल्या कारखान्याचं? त्यांनी तपासणी केलीय का?" आवाज चढवू नका, हुज्जत घालू नका. मागच्या वर्षी मी तीन दुकानांत विचारलं. एकाने भुवया उंचावल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. एकाने आत जाऊन फोन केला आणि कारखान्याचं नाव सांगितलं. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मला चहा दिला आणि म्हणाला, "सर, बारा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, पण मी विचारून ठेवतो."

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. धनत्रयोदशीला आपण ज्या दुकानदारांच्या जाहिराती या अंकात छापतो, त्यांना पुढच्या वर्षी जाहिरातीच्या अर्जासोबत हा एक प्रश्न लिहून पाठवावा. उत्तर दिलंच पाहिजे अशी अट नको. जे देतील त्यांचं उत्तर जाहिरातीखाली दोन ओळींत छापावं. आणि हवा थंड झाली की मुलांना घेऊन शिंदघ्याला सारूक अल-हदीदचे दागिने बघायला एक फेरी काढावी. मी यायला तयार आहे. माझ्याकडचा हट्टीचा गारगोटीचा तुकडाही बरोबर आणीन. त्यात सोनं आहे का हे मला आजतागायत दिसलेलं नाही. मुलांची नजर चांगली असते.